कोलारच्या तळाशी तीन कोडी

देऊळघाटच्या शिवारात सोयाबीन सोंगणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले सहा हजार कोटींहून जास्त न्यूट्रिनो आरपार जातात. रात्रीही त्यात खंड नाही. तेव्हा ते पृथ्वी भेदून खालून येतात.

असा कण टिपायचा कसा, हे पहिले कोडे. तो टिपायचा तर जमिनीच्या पोटात शिरावे लागते, कारण वर वैश्विक किरणांतल्या म्यूऑन या कणांचा गलका फार. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी कोलारची सोन्याची खाण गाठली. १९६० च्या सुमारास तिथे वेगवेगळ्या खोलीवर म्यूऑन मोजले गेले. सर्वांत खालच्या पातळीवर उपकरण सुमारे दोन महिने चालले आणि एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. एरवी अशा निकालावर कुणीही कपाळाला हात लावला असता. इथे मात्र हवी ती शांत जागा हाती लागली होती.

मग एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन आणि सहकाऱ्यांनी ओसाका व डरहॅमच्या संशोधकांना सोबत घेऊन सुमारे २,३०० मीटर खोलीवर उपकरणे मांडली. कण आरपार गेला की चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या भिंती मुद्दाम उभ्या ठेवल्या. वातावरणातले उरलेसुरले म्यूऑन डोक्यावरून येतात. जो आडवा येतो, तो शेजारच्या खडकात न्यूट्रिनो आदळून जन्मलेला असतो. ऑगस्ट १९६५ मध्ये असे म्यूऑन सापडल्याचा शोध प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत हेच शोधणाऱ्या फ्रेडरिक राइन्स यांचा निबंध त्याच महिन्यात आला.

दुसरे कोडे आपल्या असण्याचेच. महास्फोटात द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असेल, तर दोघांनी एकमेकांना संपवायला हवे होते. अब्जामागे एखादा कण जास्तीचा उरला, त्यातून तारे घडले आणि आपणही. तो का उरला? आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये घातलेल्या अटींपैकी एक अशी, की प्रोटॉनसारख्या कणांची एकूण संख्या कायम राहता कामा नये. तसे असेल तर प्रोटॉनही कधीतरी फुटेल. १९८० मध्ये कोलारलाच १४० टनांचे लोखंडी उपकरण त्याची वाट पाहू लागले. प्रोटॉन फुटल्यासारख्या काही नोंदी मिळाल्या, जगभर चर्चाही झाली. पण मोठ्या उपकरणांनी त्यांना दुजोरा दिला नाही. आज जपानच्या सुपर-कामिओकांडेच्या मोजणीनुसार प्रोटॉनचे आयुष्य एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून जास्त आहे.

तिसरे कोडे कृष्णद्रव्याचे, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या वस्तुमानाचे, आणि इथे विदर्भाचा धागा लागतो. नागपुरात जन्मलेले, टाटा संस्थेतच घडलेले रामनाथ कौशिक यांनी १९७२ मध्ये जे. मॅक्लेलंड यांच्यासह विश्वाच्या प्रसरणावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी त्यांनी सुचवले, की दीर्घिकांच्या समूहांतले न दिसणारे वस्तुमान न्यूट्रिनोंचे असू शकेल. उत्तर टिकले नाही. १९९८ मध्ये न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात हे दिसले, म्हणजे वस्तुमान आहे. पण ते फारच थोडे, आणि इतके वेगवान कण दीर्घिका बांधू शकत नाहीत. तरी कृष्णद्रव्य हा अनोळखी कणांचा साठा असेल, ही वाट मोकळी करण्यात कौशिकांचा वाटा मोठा, आणि मराठी वाचकाला तो जवळपास ठाऊकच नाही.

कोलारचे प्रयोग नव्वदीच्या दशकात गुंडाळावे लागले, २००१ मध्ये खाणही बंद पडली. तमिळनाडूत थेनीजवळ न्यूट्रिनो वेधशाळेला जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. खर्च सुमारे दीड हजार कोटी. स्थानिकांचा विरोध आणि कोर्टकचेऱ्या यांत ती अडकली. विरोधकांच्या सगळ्याच शंका पोकळ नव्हत्या, पण हाती असलेली खाण सोडून देणे हा त्याआधीचा, स्वतःहून ओढवून घेतलेला तोटा होता. झारखंडच्या जादूगोडा युरेनियम खाणीत आज कृष्णद्रव्याचा शोध चालतो. तिथली प्रयोगशाळा ५५५ मीटरांवर आहे, कोलारच्या चौथाई खोलीवर.