युरोपांतील चौक व त्यांचे वाटेकरी

मराठींत ‘चौक’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. वाड्याच्या मध्यभागीं, चोहों बाजूंच्या ओसऱ्यांनीं वेढलेली जी उघडी जागा असते तो एक चौक. आणि चार रस्ते जेथें एकमेकांस छेदतात तो दुसरा. पहिल्या चौकांत माणसें बसतात, धान्य निवडतात, मुलें खेळतात. दुसऱ्या चौकांत कोणी उभा राहिला तर मागून येणारा त्यास ‘बाजूला व्हा’ असें म्हणतो. युरोपांतील जुन्या शहरांचे जे चौक जगांत वाखाणले जातात ते बहुतेक पहिल्या जातीचे आहेत. आणि गेल्या दीडशें वर्षांत त्यांच्यावर जें संकट आलें तें त्यांना दुसऱ्या जातींत ढकलण्याचें. तें संकट कोणीं ओळखलें, त्यावर कोणते उपाय झाले, आणि त्या उपायांतूनच कोणती नवी अडचण उभी राहिली, हें आज आपण पाहूं.

आरंभ सिएनापासून करणें योग्य होईल. इटलींतील टस्कनी प्रांतांत हें शहर तीन टेकड्यांवर वसलें आहे, आणि त्या टेकड्या जेथें एकमेकींस मिळतात त्या खोलगट जागेंत ‘पियात्सा देल कांपो’ हा चौक आहे. त्याचा आकार शिंपल्यासारखा असून जमीन उतरत उतरत नगरसभेच्या प्रासादाच्या पायथ्याशीं येते. १३४९ सालीं पुऱ्या झालेल्या विटांच्या फरसबंदींत पांढऱ्या दगडांच्या पट्ट्या घालून तिचे नऊ भाग केले आहेत. १२८७ ते १३५५ पर्यंत नऊ जणांचें मंडळ या शहराचा कारभार पाहत असे, त्याची ही खूण. जमिनीचा उतार मात्र केवळ शोभेसाठीं नाहीं. त्यामुळें पावसाचें पाणी एका ठिकाणीं जमून निघून जातें, आणि वरच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसास पुढच्याच्या डोक्यावरून खालचें सर्व कांहीं दिसतें. दर वर्षीं २ जुलै व १६ ऑगस्ट या दिवशीं येथें घोड्यांच्या शर्यती होतात. घोडे कडेनें धांवतात व शहर मध्यें उभें राहतें.

परंतु मला या उताराहूनहि महत्त्वाचा वाटतो तो १२९७ सालचा एक नियम. ज्याचें घर कांपोच्या समोर येईल त्यानें खिडक्यांना मधोमध बारीक खांब घालावे, आणि पुढें सज्जा काढूं नये, असें नगरसभेनें ठरविलें. आज सातशें वर्षांहून अधिक काळ लोटला. पण त्या नियमांतील न्याय अगदीं ताजा आहे. घर मालकाचें खरें. परंतु त्याची दर्शनी भिंत ही चौकाचीहि भिंत होय, आणि तेवढ्यापुरता त्या घरांत सर्व गांवाचा वाटा आहे. एकानें सज्जा पुढें काढला कीं दुसरा काढणार, आणि दहा वर्षांत चौक हातभर अरुंद होणार. सार्वजनिक जागा एकाएकीं कोणी गिळंकृत करीत नाहीं. ती वीतवीत जाते.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील मोठ्या राजधान्यांनीं आपले जुने तट पाडले व रुंद रस्ते आंखले. व्हिएन्नांत हें काम १८५७ सालीं सुरू झालें. नव्या रस्त्यांवर भव्य इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या भोंवतीं पुष्कळ मोकळी जागा सुटली. पण त्या जागेंत थांबावेंसें कोणास वाटेना. असें कां व्हावें, हा प्रश्न त्याच शहरांतील कामिल्लो झिट्टे या वास्तुशास्त्रज्ञानें विचारला. १८८९ सालीं त्यानें नगररचनेच्या कलातत्त्वांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांतील मुख्य म्हणणें असें कीं, जागा नुसती रिकामी असून भागत नाहीं; ती खोलीप्रमाणें बंदिस्त असावी लागते. जुन्या चौकांत रस्ते समोरासमोर शिरत नाहींत, कोपऱ्यांतून वेगवेगळ्या दिशांनीं शिरतात. म्हणून आंत उभ्या असलेल्या माणसास चहूंकडे भिंतीच दिसतात व आपण कोठें तरी आंत आहों असें वाटतें. चौकाचा मध्य मोकळा ठेवावा, पुतळे व कारंजीं कडेला असावीं, हेंहि त्याचेंच सांगणें. याला त्यानें मोठा गमतीचा दाखला दिला आहे. हिवाळ्यांत मुलें बर्फाचा पुतळा करतात तो जाण्यायेण्याच्या वाटा सोडून, मधल्या अस्पर्शित तुकड्यावर करतात. जुन्या कारागिरांनीं आपलीं स्मारकें नेमकीं याच रीतीनें उभीं केलीं. मायकेल अँजेलोचा डेव्हिड १५०४ सालीं फ्लॉरेन्सच्या प्रासादाच्या दाराजवळ, भिंतीच्या आश्रयानें उभा राहिला होता. १८७३ सालीं त्यास उचलून संग्रहालयांत नेलें, याची झिट्टेला फार हळहळ वाटली.

झिट्टेची दृष्टि कलावंताची होती. चौक सुंदर कसा दिसेल हें त्यानें सांगितलें. त्यांत कोणाचा हक्क किती, हा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता. तो मोटारीनें आणला. उभी मोटार दहा माणसांची जागा अडविते, आणि धांवती मोटार त्याहून पुष्कळ अधिक. दुसऱ्या महायुद्धानंतर पंधरावीस वर्षांतच युरोपांतील कितीतरी चौक हे मोटारींचे तबेले झाले.

त्यास पहिला मोठा उलटा धक्का दिला तो कोपनहेगनच्या नगरपालिकेनें. शहराच्या मध्यांतून जाणारा स्ट्रॉयेट हा सुमारें १.१ किलोमीटर लांबीचा बाजाररस्ता १७ नोव्हेंबर १९६२ रोजीं मोटारींस बंद करण्यांत आला, तोहि प्रयोग म्हणून. व्यापाऱ्यांनीं ओरड केली कीं गिऱ्हाईक येणार नाहीं. कित्येकांचें म्हणणें असें कीं रस्त्यावर रमतगमत हिंडणें हें इटलींतल्या उन्हांत शोभतें. डेन्मार्कच्या थंडीवाऱ्यांत तें कसें चालावें? पण रस्ता माणसांनीं भरून गेला, आणि १९६४ सालीं तो निर्णय कायम झाला.

याच सुमारास यान गेल हा तरुण वास्तुशास्त्रज्ञ व त्याची मानसशास्त्रज्ञ पत्नी इन्ग्रिड १९६५ सालीं इटलींत गेलीं व लोक चौकांत प्रत्यक्ष काय करतात हें टिपूं लागलीं. त्यांना दिसलें कीं माणूस सहसा मध्यावर उभा राहत नाहीं. तो भिंत, खांब, पायरी अशा कशाचा तरी आधार घेतो, पाठ सुरक्षित ठेवतो आणि मग जगाकडे पाहतो. पुढें हीच मोजणी गेलनें कोपनहेगनमध्यें केली: किती लोक चालतात, किती थांबतात, कोठें बसतात. मोटारींची गणना नगरपालिका पूर्वीपासून करीत होत्या. माणसांची गणना मात्र कोणी करीत नव्हतें, आणि ज्याची गणना नाहीं त्याला वाटणींत हिस्सा नाहीं. १९६२ सालीं त्या शहराच्या मध्यभागीं पादचाऱ्यांसाठीं राखलेली जागा १५,८०० चौरस मीटर होती. २००० सालापर्यंत ती सुमारें एक लक्ष चौरस मीटर झाली. हें सर्व एका झटक्यांत झालें नाहीं. मोटारी उभ्या करण्याच्या जागा दर वर्षीं शेंकडा दोनतीन या बेतानें कमी केल्या, म्हणून तें लोकांच्या पचनीं पडलें. एक गोष्ट मात्र मला खटकते. मोटारी गेल्या तेथें पुष्कळ ठिकाणीं उपाहारगृहांच्या खुर्च्या आल्या, आणि ज्याच्या खिशांत कॉफीचे पैसे नाहींत त्याला त्या खुर्चीचा काय उपयोग? फुकट बसतां येईल असा बांक चौकांत आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून चौकाची स्तुति करूं नये.

मुलांचा वाटा ॲम्स्टरडॅमनें ओळखला. युद्धानें ओस पडलेल्या व इमारतींच्या मधोमध उरलेल्या तुकड्यांवर, १९४७ पासून १९७८ पर्यंत, आल्डो फान आइक यानें नगरपालिकेसाठीं सुमारें ७०० क्रीडास्थानें आंखलीं. वाळूचा हौद, लोखंडी नळ्यांच्या कमानी, उड्या मारावयास गोल दगड, आणि थोरांसाठीं बांक, एवढेंच साहित्य. बहुतेकांना कुंपण नव्हतें. तें रस्त्याचेंच एक अंग होतें.

याच हॉलंडांत पुढें असा विचार निघाला कीं, माणूस व मोटार यांना वेगळें न करतां एकाच जागेंत कां नांदवूं नये? डेल्फ्ट शहरांतील रहिवाशांच्या गल्ल्यांत झाडें, बांक व वळणें घालून मोटारींना चालण्याच्या गतीवर आणलें गेलें. १९७६ सालीं त्याला कायद्याचें रूप मिळालें. हान्स मोंडरमान या अभियंत्यानें ही कल्पना गर्दीच्या नाक्यावर नेली. ड्राख्टन गांवांतील एका चौकांतून रोज सुमारें २२,००० वाहनें जात. तेथील दिवे त्यानें काढून टाकले. त्याचें म्हणणें, सूचना फार झाल्या कीं माणूस विचार करणें सोडतो. सूचना नसल्या कीं दुसऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. पाहुणे आले कीं तो पाठमोरा वाहतुकींत चालत जाई, व मोटारी थांबत.

पण ज्याला डोळे नाहींत त्यानें काय करावें? या एका प्रश्नानें तो सारा युक्तिवाद अडखळतो. इंग्लंडांत ही पद्धति अनेक ठिकाणीं आली. लंडनमध्यें एक्झिबिशन रोडवर तर पदपथ व रस्ता एकाच पातळींत आणले गेले. अंध माणूस आपल्या पांढऱ्या काठीनें पदपथाची कड चांचपतो. ती कड म्हणजे त्याची भिंत. तीच काढून टाकल्यावर आपण पदपथावर आहों कीं मोटारीपुढें, हें त्याला कळावें कसें? २०१५ सालीं लॉर्ड होम्स या अंध सभासदानें केलेल्या पाहणींत शेंकडा ३५ लोकांनीं अशा जागा आपण मुद्दाम टाळतों असें सांगितलें. जी जागा सर्वांची म्हणून केली तिच्यांतून तिसरा हिस्सा लोक आपण होऊन बाहेर राहिले! २०१८ सालीं ब्रिटिश सरकारनें अशा सपाट रस्त्यांचीं नवीं कामें थांबवावीं असें स्थानिक संस्थांना सांगितलें.

कड किती उंच असावी याचाहि शोध लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत घेतला गेला, आणि ६० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार बोटें, उंची असल्यास अंधांना ती खात्रीनें लागते असें आढळलें. चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्याला मात्र तीच चार बोटें डोंगराएवढीं होतात. म्हणून ओलांडण्याच्या जागेपुरती कड उतरती करून तेथें पायाला जाणवेल अशी उंचवट्यांची फरशी बसवितात. ती कोठें, किती रुंद व कोणत्या रंगाची असावी, यावर दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसून अजून वाद घालीत आहेत.