हळदीतले शिसे आणि एक्स-रे

हळकुंड जितके पिवळेधमक तितके चांगले, अशी समजूत आपल्याकडेही आहे. बांगलादेशात या समजुतीची झळ पोटातल्या बाळांपर्यंत पोहोचली. तिथल्या खेड्यांतील अनेक गर्भवतींच्या रक्तात शिसे जास्त आढळत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातील संशोधकांनी माग काढत २०१९ मध्ये बोट ठेवले ते हळदीवर. पॉलिश करताना हळकुंडांना लेड क्रोमेट हा फर्निचर रंगवण्याचा पिवळा रंग चोळला जात होता. १९८० च्या दशकात पुरात भिजून निस्तेज झालेली हळद खपवण्यासाठी निघालेली ही युक्ती पुढे अंगवळणी पडली.

ती पकडली एक्स-रेने. एक्स-रे म्हटले की हाडांचा फोटो आठवतो. इथे फोटो निघत नाही. हातात मावणारे, पिस्तुलासारखे यंत्र हळदीवर रोखायचे. त्याचे किरण अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा इलेक्ट्रॉन ती जागा घेतो आणि त्या वेळी नवा क्ष-किरण बाहेर पडतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. हेन्री मोझली या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये हा नियम दाखवला. दोनच वर्षांनी, २७ व्या वर्षी, तो महायुद्धात मारला गेला. हळदीत शिसे आणि क्रोमियम जोडीने दिसले की लेड क्रोमेटचा संशय पक्का होतो, तोही काही मिनिटांत.

बांगलादेशच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी हेच यंत्र घेऊन ढाक्याच्या श्यामबाजारात छापा घातला. दोन घाऊक व्यापाऱ्यांना जागेवर दंड झाला आणि त्याची बातमी देशभर गेली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकातही सापडले नाही. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले.

रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, हाडात मात्र ते वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदरपणी हाडातले कॅल्शियम बाळासाठी सुटू लागले की त्याच्याबरोबर शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. त्याच्या वाढत्या मेंदूला सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची पातळीच नाही.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाटणा आणि गुवाहाटी येथील काही हळदीतही शिसे फार जास्त निघाले. सांगलीसारखी मोठी हळदपेठ असलेल्या आपल्या राज्यात असे यंत्र बाजार समितीच्या आवारात असायला हवे. हळकुंडे घरी आणून दळली म्हणजे धोका टळला, असेही नाही. रंग हळकुंडालाच चोळलेला असू शकतो. डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्या हळकुंडापेक्षा फिकट, पॉलिश न केलेले घेतलेले बरे.