विश्लेषण : रेडिओ ऐकून गाव बदलते का? १९५६ मध्ये उत्तर साताऱ्यात काय घडले?

सातारा-सांगलीतील अनेक घरांत सकाळची वेळ घड्याळाआधी रेडिओ सांगत असे. पुण्याच्या बातम्या लागल्या म्हणजे सात वाजून पाच मिनिटे झाली. आता मुलांना हाक मारायची, शाळेचे दप्तर भरायचे. दिवस असा कार्यक्रमांच्या खुंट्यांना टांगण्याची सवय मूळची ब्रिटनची. पण या भागातील खेड्यांनी १९५६ मध्ये त्यात स्वतःची भर घातली. ती खेडी रेडिओ ऐकून गप्प बसली नाहीत, त्यांनी त्याला प्रश्न विचारले.

ब्रिटनमधला रेडिओचा दिवस कसा असे?

दुसऱ्या महायुद्धानंतर बीबीसीच्या देशांतर्गत तीन वाहिन्या होत्या. बातम्या, भाषणे, नाटके यांसाठी होम सर्व्हिस; करमणुकीसाठी १९४५ पासून लाइट प्रोग्रॅम; आणि चोखंदळ श्रोत्यांसाठी १९४६ पासून थर्ड प्रोग्रॅम. सकाळी बातम्या, मग गृहिणींच्या आवडीची गाणी. त्यानंतर कारखान्यात हात चालू ठेवून ऐकायचे संगीत, दुपारी लहान मुलांसाठी गोष्ट आणि महिलांचा तास. रात्री नऊला बिग बेनचे ठोके पडले की पुन्हा बातम्या. लाखो घरांत एकाच क्षणी एकच आवाज!

या दिवसातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ‘द आर्चर्स’ ही श्रुतिका. १ जानेवारी १९५१ रोजी ती देशभर सुरू झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालूच होते. शेतकऱ्याने जास्त पिकवावे हा तिचा मूळ हेतू. त्यामुळे कृषी खात्याचा सल्ला एका शेतकरी कुटुंबाच्या रुसव्याफुगव्यांत गुंडाळून रोज संध्याकाळी दिला जाई. युक्ती नामी होती. मात्र बोलायचे रेडिओने आणि ऐकायचे शेतकऱ्याने, हे ठरलेले होते.

हा साचा आपल्याकडे कसा आला?

बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये भारतातील प्रसारणाचे प्रमुख झाले आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. ठरावीक वेळेच्या बातम्या, महिलांचे आणि मुलांचे कार्यक्रम, कामगारांसाठी वेगळा वेळ अशी दिवसाची मांडणी त्याच वळणाची राहिली. दिवसाच्या तुकड्यांना मात्र आपण ‘सभा’ असा छान शब्द दिला. पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. याच केंद्रावरून १९५५-५६ मध्ये वर्षभर गीतरामायण प्रसारित झाले. ते लिहिणारे ग. दि. माडगूळकर आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ होते. माणदेशाच्या मातीतला माणूस खेड्यांसाठीच्या कार्यक्रमांत असणे, ही या केंद्राची मोठीच जमेची बाजू म्हणावी लागेल.

१९५६ चा प्रयोग नेमका काय होता?

गीतरामायणाचे वर्ष संपत आले असताना, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, याच पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. त्यासाठी मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे निवडले गेले : पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. उत्तर सातारा म्हणजे आजचा सातारा. दक्षिण सातारा १९६० मध्ये ‘सांगली’ झाला.

सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम. गावातील पंधरा-वीस जणांनी संचाभोवती जमायचे, ऐकायचे आणि संच बंद झाल्यावर तिथेच बसून बोलायचे. हे आपल्या गावात होईल का? पैसा कुठून येईल? मंडळाचा निमंत्रक टिपणे काढून केंद्राकडे पाठवी आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. संध्याकाळी आपल्या गावाचा प्रश्न पुण्याच्या निवेदकाच्या तोंडून ऐकणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. संचच गावात एखादा, तोही बहुधा बॅटरीवर चालणारा.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याची धुरा समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्याकडे होती. मूळचे व्हिएन्नाचे न्यूराथ डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांतून वाचले होते. एकच आवाज सगळ्या देशाच्या कानी घालणारा रेडिओ काय करू शकतो, हे त्या पिढीला कुणी सांगायला नको होते.

निष्कर्ष काय निघाला?

न्यूराथ यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना इतर गावांशी केली. त्या इतर गावांपैकी काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तर काहींत रेडिओही नव्हता. मंडळांच्या गावांतील लोकांची माहिती ठळकपणे वाढली, अक्षरओळख नसलेल्यांचीही. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक किरकोळच पडला. म्हणजे गुण पेटीचा नव्हता, नंतरच्या बोलण्याचा होता. काही मंडळांनी तर विहिरी खोदल्या, जातिवंत वळू घेतले, बालवाड्या काढल्या. निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा ही बैठक लवकर निर्णय घेते, असेही आढळले.

मग ही मंडळे टिकली का नाहीत?

प्रयोगाच्या यशावर १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. तिथेच ती पातळ झाली. प्रयोगाच्या वेळी गावोगाव फिरून मंडळांना भेटणारे, अडचणी सोडवणारे संघटक होते. विस्तारानंतर हे काम आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या गटपातळीवरच्या कर्मचाऱ्यांवर पडले. पत्रे लिहायची कुणी, संच बिघडला तर दुरुस्त करायचा कुणी? पुढे ट्रान्झिस्टर आला. बांधावर, गोठ्यात, ऊसतोडीवर प्रत्येकाचा आपापला आवाज झाला आणि जमण्याचे कारणच उरले नाही. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र मिळाले, तेव्हा रेडिओ भौगोलिकदृष्ट्या जवळ आला. पण सामुदायिक बैठकीचे दिवस सरत चालले होते.

आज स्थिती काय?

सकाळी ७.०५ च्या बातमीपत्राशी लोकांचे नाते किती घट्ट आहे, हे जून २०२३ मध्ये दिसले. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याच्या निर्णयाला इतका विरोध झाला की केंद्र सरकारला तो थांबवावा लागला.

शेतीचा सल्ला आता मोबाइलवर ढिगाने येतो. पण ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आलेल्या फवारणीच्या प्रमाणाबद्दल शंका आली, तर विचारायचे कुणाला? या बाबतीत १९५६ ची मंडळे आजच्या पुढे होती.

त्या पद्धतीच्या जवळ जाणारे प्रयत्न याच दोन जिल्ह्यांत दुष्काळी पट्ट्यात चालू आहेत. साताऱ्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून एफएमवर आहे, तर सांगलीच्या जत तालुक्यातील जालिहाळहून ‘येरळावाणी’ चालते. अशा सामुदायिक केंद्रांचा टप्पा जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरचा. ऐकणारा आणि बोलणारा एकाच पाण्याच्या टँकरची वाट पाहत असतात.