कपाटाची फाइल आणि सुताराचे ज्ञान

ओट्याखालची कपाटे पूर्वी सुतार घरी येऊन करी. फळीला करवत लावण्यापूर्वी तो दहा वेळा विचारी : दार कोणत्या हाताला उघडायचे? आत डबे राहणार की ताटे? भिंत गुण्यात आहे ना? आता शहरोशहरी संगणकाच्या हुकमाने चालणारी कापयंत्रे आली आहेत. कारागीर त्यांना 'सीएनसी' म्हणतात. आपण संगणकावर नकाशा काढून त्याची फाइल दुकानात पाठवावी आणि यंत्राने प्लायवुडच्या आठ बाय चार फुटी तक्त्यातून भाग कापून द्यावेत, अशी ही रीत आहे. यंत्र अचूक कापते. परंतु ते विचारीत नाही. म्हणून सुतार जे जे विचारीत असे, ते सर्व आधीच फाइलीत उतरवावे लागते. ते कसे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

पहिली गोष्ट जाडीची. ज्याला बाजार १८ मिलिमीटरचे प्लाय म्हणतो, ते मोजले असता पुष्कळदा १८ भरत नाही. समजा, आपल्याला ६०० मिलिमीटर रुंदीचे कपाट हवे आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्यांचे ३६ वजा करून आपण तळाची फळी ५६४ ची काढली. प्लाय प्रत्यक्षात १७.४ निघाले, तर कपाट ५९८.८ चे होते. एका कपाटात हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण अशी पाच कपाटे ओळीने लावली की भिंतीपाशी ६ मिलिमीटरची फट दिसते. उलट तक्त्याला मायका चिकटवलेला असेल, तर जाडी वाढते आणि १८ च्या खाचेत फळी शिरतच नाही. म्हणून ज्या तक्त्यातून कापायचे तोच तक्ता व्हर्नियरने मोजावा आणि मग नकाशा काढावा.

दुसरी गोष्ट यंत्राच्या हत्याराची. करवतीऐवजी येथे गोल फिरणारी बिट असते. ती ६ मिलिमीटरची धरू. भाग मापात यावयाचा, तर बिटीचा मध्य रेघेच्या बाहेर ३ मिलिमीटरवरून जावा लागतो. ही सूट बहुधा दुकानदारच धरतो. आपणही धरली, तर प्रत्येक भाग लांबी-रुंदीत ६ मिलिमीटरने मोठा येईल. तेव्हा नकाशात भागाचे खरे माप द्यावे, आणि सूट कोणी धरायची हे आधी बोलून ठरवावे. शिवाय गोल बिटीला आतला काटकोन कापता येत नाही; कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई राहते. सुतार तेथे पटाशी मारी. यंत्राच्या कामात त्या कोपऱ्यात लहानसा गोल खळगा नकाशातच काढून ठेवावा, म्हणजे चौकोनी तोंडाची फळी नीट बसते.

तिसरी गोष्ट खुद्द फाइलीची. नकाशा पूर्ण मापाचा, मिलिमीटरमध्ये असावा. मिलिमीटरचा आकडा इंच म्हणून वाचला गेला, तर माप २५.४ पट होते. म्हणून कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन ताडण्यासाठी काढून द्यावा. प्रत्येक आकृतीची रेघ बंद असावी, आणि एकावर एक दोन रेघा नसाव्यात. नाहीतर यंत्र त्याच वाटेने दोनदा फिरते. सपाट नकाशात खोली दिसत नाही. आरपार कापायच्या रेघा एका थरावर, खाचांच्या दुसऱ्यावर, भोकांच्या तिसऱ्यावर ठेवून थराच्या नावातच खोली लिहावी. बिजागरीच्या ३५ मिलिमीटरच्या भोकाची खोली लिहिलीच नाही आणि ते आरपार गेले, तर दार फुकट जाते.

आणखी तीन बारकावे आहेत. डावी व उजवी फळी ही जोडी असते. सुतार त्या समोरासमोर ठेवून खुणा करी. यंत्र भोके वरून पाडते, म्हणून एकीची आकृती दुसरीची आरशातली प्रतिमा हवी. नाहीतर दोन्ही फळ्या डाव्याच निघतात. दुसरे असे की, तक्ता वाचविण्यासाठी संगणक भाग आडवे-उभे फिरवितो. लाकडाच्या रेघा उभ्या हव्या असतील तर प्रत्येक भागावर बाणाने दिशा दाखवावी. तिसरे, कडेला लावायच्या पट्टीची जाडी वजा करावी. दार तयार होऊन ५९६ बाय ७१६ हवे असेल आणि चारी बाजूंना २ मिलिमीटरची पट्टी लागणार असेल, तर कापाचे माप ५९२ बाय ७१२ होय.

आता कामगाराच्या बाजूने दोन शब्द. हुकमावर चालणारे असे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली दाखविले. त्यामागे हवाई दलाचा पैसा होता. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, तेव्हा दुसराही मार्ग होता. कुशल कामगाराने यंत्र चालवावे, त्याच्या हालचाली फितीवर नोंदाव्यात आणि पुढे त्या फितीने यंत्र चालावे, असा तो मार्ग. तो मागे पडला आणि हुकूम लिहिण्याचे काम कचेरीत गेले. वर सांगितलेल्या बारकाव्यांत सुताराला ठाऊक नव्हते असे फार थोडे आहे. ज्ञान त्याचे; पण आज फाइल करणाऱ्याच्या शेजारी त्याला खुर्ची नाही.

मात्र तक्ता बिघडला की बोट यंत्र चालविणाऱ्याकडे जाते. फाइलीतल्या चुकीची किंमत त्याच्या पगारातून कापलेली आम्ही पाहिली आहे. नुकसान थेट कामगाराच्या हयगयीने झाले असेल तरच, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच, ते पगारातून कापता येईल, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच घातले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. फाइलीसोबत एक कागद द्यावा : भागांची यादी, मापे, मोजलेली जाडी, रेघांची दिशा, पट्टीच्या बाजू, आणि सूट कोण धरणार. खाली फाइल करणाराची व दुकानदाराची सही असावी. कागद पाठविण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सुताराला तासभर बसवून नकाशा दाखवावा आणि त्या तासाची मजुरी त्याला द्यावी. मग एकच कपाट आधी कापून जोडून पाहावे, आणि ते गुण्यात बसले की बाकीचे तक्ते यंत्रावर चढवावेत.