एकसष्टाचे कोडे

खानदेशात चाळीसगावच्या दक्षिणेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, पाटण हे प्राचीन स्थळ आहे. तेथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे राजज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांनी येथे मठ स्थापिला; तेराव्या शतकाच्या आरंभी त्या मठास मिळालेल्या दानाची नोंद या लेखात आहे.

ज्या ग्रंथांसाठी हा मठ उभा राहिला, त्यांतील ‘बीजगणित’ इ. स. ११५० च्या सुमाराचे. त्यात एक प्रश्न आहे : शून्याखेरीज अशी कोणती संख्या आहे, की जिच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो?

प्रश्न दिसावयास साधा. ६१ ऐवजी ६० घेतले, तर ४ हे उत्तर चटकन सापडते. कारण १६ ची साठपट ९६०, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले, तर ८ ने काम भागते. मधला ६१ मात्र भारीच हट्टी! त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे असून, तयार होणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे. पहिलीला ‘कनिष्ठ मूळ’ व दुसरीला ‘ज्येष्ठ मूळ’ म्हणत. १ पासून एकेक संख्या घेऊन, मिनिटास एक याप्रमाणे रात्रंदिवस पडताळीत बसले, तर या उत्तराशी पोहोचावयास ४३० वर्षे लागतील.

भास्कराचार्यांनी असे चाचपडणे केले नाही. त्यांची रीत ‘चक्रवाल’ या नावाची. ती त्यांच्यापूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञासही ठाऊक होती. उत्तर चुकले तरी चालेल, पण किती चुकले ते ध्यानात ठेवावयाचे, ही तिची खुबी. ८ चा वर्ग ६४. तो १ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून ३ ने अधिक. त्यावरून पुढची जोडी काढली, की ३९ व ५ मिळतात : १५२१ आणि १५२५, येथे ४ उणे. या जोडीपासून ब्रह्मगुप्ताच्या युक्तीने २९,७१८ व ३,८०५ येतात, आणि उणेपण अवघे १ उरते. आता २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळविला, की ज्येष्ठ मूळ हाती येते. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट हे कनिष्ठ मूळ.

इ. स. १६५७ मध्ये फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने आपल्या समकालीनांना याच ६१ चे आव्हान दिले. भास्कराचार्यांचे उत्तर त्यापूर्वी पाच शतके लिहिले गेले होते. युरोपास त्याची वार्ता नव्हती. पुढे ऑयलरच्या चुकीने या समीकरणास पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव चिकटले, ते आजतागायत तसेच आहे.

उत्तराचा नवाचा ताळा पाहणे सोपे आहे. कनिष्ठ मुळाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून त्यास नवाने भाग जातो. त्याच्या वर्गाची एकसष्टपट करून १ मिळविला, तर बाकी १ राहिली पाहिजे. ज्येष्ठ मुळाच्या अंकांची बेरीज ४६, बाकी १. तिचा वर्गही १. ताळा जमतो. परंतु ताळा जमला म्हणजे उत्तर खरेच, असे नव्हे; पुरती खातरजमा करावयाची, तर एकोणीस अंकी गुणाकार मांडावा लागतो.