एस. यू. कार्ब्युरेटर : दोषनिदानाचा क्रम

मॉरिस मायनर पिकअप (१९५३) यासारख्या जुन्या मालवाहू मोटारींतील एस. यू. कार्ब्युरेटरमध्ये हवेचा मार्ग स्थिर नसतो. निर्वाताने उचलला जाणारा पिस्टन तो कमीअधिक करतो. पिस्टनला जडलेली निमुळती सुई जेटमधून येणारे इंधन नियंत्रित करते. अनेकार्थी शब्दाप्रमाणे इंजिन अडखळण्याचे लक्षणही संदिग्ध असते : दोष अडकलेल्या पिस्टनचा असेल, किंवा मिश्रणाचा. म्हणून पिस्टन उचलून सोडल्यावर तो ‘खट्’ असा आवाज करीत तळाशी बसतो की नाही, हे प्रथम पाहावे. नंतर तापलेले इंजिन मंदगतीने चालू असता तो सुमारे ०.८ मिलिमीटर उचलावा. वेग वाढून टिकल्यास मिश्रण दाट; तत्काळ घटल्यास विरळ; क्षणभर किंचित वाढल्यास योग्य समजावे. हा क्रम उलटल्यास पिस्टनचा दोष मिश्रणाच्या माथी येतो व दुरुस्तीतूनच नवा बिघाड उत्पन्न होतो.