हे रोप कोणते?

मुलांनो, तुम्ही कुंडीत गाजराचे बी पेरले. पण उगवले ते गाजरच, हे कशावरून? गाजर गवताची पानेही तशीच चिरलेली असतात! म्हणून आधी उगवणारी दोन पाने, म्हणजे बीजपत्रे, नीट पाहा. गाजराची बीजपत्रे लांब व अरुंद असतात. गाजर गवताची आखूड व गोलसर.

हे अमेरिकेतले तण १९५५ साली पुण्यात लक्षात आले. आज बारामती, इंदापूर भागातही कालव्याकाठी व बांधांवर ते दिसते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागकणांमुळे दम्याचा त्रासही होऊ शकतो. म्हणून अनोळखी रोप चाखू नका, चुरगळू नका. ते गाजर गवत असेल, तर हाताला पिशवी गुंडाळून, फुले येण्यापूर्वीच मुळासकट उपटा. नाहीतर एका रोपापासून हजारो बिया तयार होतील!